'कबूल' म्हणून तीनशे रुपये भरले होते; आता साक्षांकन नमुन्यात काय लिहू?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१७ च्या गणपतीत, जागरणाच्या रात्री मंडपामागे तीनपत्ती चालली होती. पोलिसांनी धाड टाकली, अकरा जण धरले. जुगार कायद्याखाली गुन्हा दाखल झाला, ठाण्यातच टेबल जामीन झाला आणि तीनेक महिन्यांनी कोर्टात सगळ्यांनी 'कबूल' म्हणून प्रत्येकी ३०० रुपये दंड भरला. आता तलाठी भरतीत निवड झाली आहे आणि साक्षांकन नमुना, म्हणजे नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणीसाठी भरायचा फॉर्म, हातात आला आहे. त्यात अटक, खटला, शिक्षा झाली होती का, असा रकाना आहे. प्रश्नकर्ता विचारतो: "हे रेकॉर्ड क्लिअर कसं करायचं? एक जण पंधरा हजारांत काढून देतो म्हणतोय. आणि मी फक्त दंड भरलाय, शिक्षा कुठे झालीय? मग त्या रकान्यात 'नाही' लिहिलं तर चालेल ना?"

पंधरा हजारवाल्याचं आधी उरकते. त्याला एक रुपयाही देऊ नका. तो फार तर ठाण्यातल्या कुणाकडून "काही आढळून आलं नाही" असा शेरा आणवेल, आणि त्या शेऱ्याच्या भरवशावर तुम्ही 'नाही' लिहाल. कोर्टाच्या नोंदीला त्याचा हातही लागणार नाही. नंतर कधी ते बाहेर आलं, तर तीनशे रुपयांच्या जुगाराशेजारी खोटं प्रतिज्ञापन येऊन बसेल. नोकरी जाते ती बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीमुळे.

मी साताऱ्याकडे चोवीस वर्षं फौजदारी वकिली करते. भरतीचे निकाल लागले की महिनाभर माझ्याकडे तुमच्यासारखी मुलं येतात. प्रत्येकाच्या तोंडी 'रेकॉर्ड' हा शब्द असतो, पण अडचण वेगळीच असते. रेकॉर्ड पुसता येईल का, हा एक प्रश्न. त्या रेकॉर्डमुळे कायद्याने तुमचं नेमकं काय अडतं, हा दुसरा. आणि विचारलं तर काय सांगायचं, हा तिसरा. लोक पहिल्याच प्रश्नावर सगळी ताकद घालवतात. तिसरा मात्र चहाच्या टपरीवर मित्राला विचारून सोडवतात.

'दंडच तर भरलाय' या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. दंड ही शिक्षाच आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ५३ मध्ये शिक्षांचे प्रकार दिले होते, त्यात फाशी, जन्मठेप आणि कैदेच्या रांगेत दंडही होता. नव्या न्याय संहितेतही तो आहे. आणि शिक्षा देण्याआधी कोर्टाला तुम्हाला दोषी ठरवावं लागतं. तुम्ही 'कबूल' म्हणालात तेव्हा साक्षीदार तपासायची गरज उरली नाही, एवढंच. दोषसिद्धी झालीच.

ते कसं घडतं हे मी इतक्या वेळा पाहिलंय, की तुमचा त्या दिवशीचा रोजनामा, म्हणजे कोर्टाने केलेली त्या तारखेची नोंद, न बघताही सांगते. साडेअकराच्या सुमारास कोर्टातला पोलीस व्हरांड्यात नावं पुकारतो. अकरा मुलं आत जाऊन रांगेत उभी राहतात. एक-दोघांचे वडील मागे दाराशी, खिशात पैसे तयार. कुणीतरी आधीच कानात सांगितलेलं असतं, "कबूल म्हणा, तीनशे भरा, विषय संपला. नाहीतर चार वर्षं तारखा." साहेब विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" अकरा माना हलतात. छापील कागदावर सह्या होतात, पावत्या फाटतात आणि बारा वाजायच्या आत मंडळी बाहेर वडापावच्या गाडीवर. त्यातल्या कुणालाही आपण आत्ता दोषसिद्ध झालो, असं वाटलेलं नसतं. हा सल्ला देणाऱ्यांत आमचे वकीलबंधूही असतात, हे मी कबूल करते. जुगार, दारू पिऊन गाडी चालवणं, सार्वजनिक ठिकाणी आरडाओरडा, या सगळ्या केसेस अशाच संपतात. वाहतुकीचं साधं ई-चलन भरणं म्हणजे दोषसिद्धी नव्हे. पण दारू पिऊन गाडी चालवल्याची केस कोर्टात जाते, आणि तिथे 'कबूल' म्हटलं की ती दोषसिद्धी होते.

आता पुसण्याबद्दल. यूट्यूबवरचे अमेरिकन व्हिडिओ बघून पुष्कळ जण मला 'एक्सपंज' करता येईल का म्हणून विचारतात. अमेरिकेत राज्याराज्यांत तशी सोय आहे. इंग्लंडमध्ये १९७४ पासून एक कायदा आहे, त्यानुसार ठरावीक काळ सरळ वागलं की लहान शिक्षा 'सरली' असं धरतात आणि बहुतेक नोकऱ्यांसाठी ती सांगावी लागत नाही. आपल्याकडे सज्ञान माणसासाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. सात वर्षं झाली, दहा वर्षं झाली म्हणून दोषसिद्धी आपोआप विरघळत नाही.

इथे एक विचित्र गोष्ट सांगते. किरकोळ केसची कागदपत्रं कोर्ट ठरावीक मुदतीनंतर नष्ट करतं, फक्त नोंदवहीतली ओळ राहते. मुलांना वाटतं, कागद गेला म्हणजे सुटलो. उलट तेव्हा खरी पंचाईत होते. माझ्याकडे आलेल्या एकाच्या बाबतीत नोंदवहीत फक्त नाव, कलम आणि 'दोषी, दंड' एवढंच उरलं होतं. गुन्हा किती फुटकळ होता, किती रुपये जप्त झाले होते, हे दाखवायला त्याच्याकडे एकही कागद नव्हता. पोलिसांच्या संगणकात गुन्ह्याची नोंद होतीच. तुमची कागदं अजून असतील तर ती तुमच्या बाजूची आहेत, हे लक्षात ठेवा.

बोटांचे ठसे, फोटो वगैरेंसाठी २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा आहे. त्याखाली घेतलेली मापं ७५ वर्षं ठेवता येतात. खटल्याविना सुटका, आरोपमुक्ती किंवा निर्दोष मुक्तता झाली आणि आधीची शिक्षा नसेल, तर ती नष्ट करायची तरतूद त्याच कायद्यात आहे, अर्थात कोर्टाने वेगळं सांगितलं नसेल तर. दोषी ठरलेल्यांना ही सोय नाही.

मग मार्गच नाही का? आहेत, पण कुठला कुणासाठी खुला आहे हे केस कशी संपली त्यावर ठरतं. तुमच्यासोबत हे उत्तर वाचणाऱ्या इतरांच्या केसेस वेगळ्या असतील, म्हणून थोडं पसरून सांगते.

तपासातच केस बंद झाली असेल, तर आपल्याकडे समरी अहवाल जातो. 'अ' म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, 'ब' म्हणजे फिर्यादच खोटी, 'क' म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून दाखल झालेली. तुमच्या नावावरच्या गुन्ह्यात 'ब' किंवा 'क' समरी मंजूर झाली असेल, तर त्या आदेशाची नक्कल कपाटात नीट ठेवा. गुन्हा अजून चालू असेल आणि वाद खासगी असेल, म्हणजे भाऊबंदकी, शेजाऱ्याशी हाणामारी, नवरा-बायकोचं भांडण, तर समझोत्याने उच्च न्यायालयातून तो रद्द करून घेता येतो. याला आम्ही क्वॉशिंग म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये याची चौकट घालून दिली. खून, बलात्कार, दरोडा असल्या गुन्ह्यांत समझोता चालत नाही. आम्हा सातारकरांना यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागायची, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. आणि कायद्यानेच तडजोडयोग्य असलेला गुन्हा खालच्या कोर्टात तडजोडीने मिटला, तर त्याचा परिणाम निर्दोष मुक्ततेसारखाच असतो. म्हणून मी पक्षकारांना सांगते, जुन्या दंड संहितेतल्या ३२३ (साधी मारहाण), ५०४ (अपमान करून चिथावणं) सारख्या कलमांत फिर्यादी तयार असेल तर तडजोड करा, कबुली देऊ नका. त्या दिवशी दोन्हीला वेळ सारखाच लागतो.

तुमचा गुन्हा राज्याविरुद्धचा. इथे तडजोड करायला समोर फिर्यादीच नाही, पोलीसच फिर्यादी. तो दरवाजा बंद.

दुसरा दरवाजा परिवीक्षेचा, म्हणजे १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचा. हा कायदा आमच्याकडे जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोर्ट दोषी ठरवूनही शिक्षेऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकतं. आरोपी एकवीस वर्षांखालचा असेल, तर त्याला तुरुंगात टाकण्याआधी कोर्टाला खास कारणं नोंदवावी लागतात. आणि महत्त्वाचं म्हणजे कलम १२: अशा रीतीने सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. तुमच्या वेळी त्या कोर्टात कुणी उभं राहून "साहेब, मुलं शिकतायत, पहिलाच गुन्हा आहे, कलम ३ खाली समज देऊन सोडा" एवढं म्हटलं असतं, तर आज हा प्रश्न बराच हलका झाला असता. पूर्ण मिटला नसता. कलम १२ अपात्रता काढतं, दोष काढत नाही. दिल्लीतल्या एका सरकारी दूध योजनेतल्या रोखपालाने पाचशे रुपयांचा अपहार केला होता. त्याला परिवीक्षेवर सोडलं, तरी खात्याने बडतर्फ केलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये सांगितलं की कलम १२ मुळे खात्याचा कारवाईचा अधिकार जात नाही. पण पाचशे रुपयांसाठी बडतर्फी फार झाली, म्हणून त्याला परत कामावर घ्यायला लावलं. मला हा निकाल आवडतो, कारण त्यात दोन्ही गोष्टी एकदम दिसतात.

तिसरा दरवाजा पुनरीक्षणाचा, म्हणजे रिव्हिजनचा. स्वतः कबुली दिली असेल तर दोषसिद्धीविरुद्ध अपील नसतं, फार तर शिक्षा किती आणि कायदेशीर का, एवढ्यावर बोलता येतं. पण रिव्हिजन करता येते. कायदा म्हणतो, आरोपीला आरोपाचा मथितार्थ सांगायचा आणि त्याची कबुली शक्यतो त्याच्याच शब्दांत नोंदवायची. अकरा जणांची एकच छापील कबुली, खाली सह्या, आरोप वाचून दाखवल्याची नोंद नाही, असं निघालं तर मुद्दा उभा राहतो. मुदत नव्वद दिवसांची आहे, तुमची ती केव्हाच उलटली. विलंब माफीचा अर्ज करावा लागेल आणि इतक्या वर्षांच्या विलंबाचं कारण पटवावं लागेल. "आता नोकरी लागतेय म्हणून" हे कारण कोर्टाला रुचत नाही. शिवाय रिव्हिजन जिंकलात तर केस पुन्हा सुरुवातीपासून चालू शकते, आणि साक्षांकन नमुना भरायच्या दिवशी 'दोषी' ऐवजी 'खटला प्रलंबित' लिहायची वेळ येईल. तीनशे रुपयांच्या दंडासाठी मी हा मार्ग सहसा सुचवत नाही. शिक्षा मोठी असती, तर सल्ला वेगळा असता.

आता माझा एक प्रश्न, जो तुम्ही लिहायला विसरलात: त्या रात्री तुमचं वय किती होतं?

हे मी सगळ्यांना विचारते, याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी एका मुलाच्या दोषारोपपत्रावर 'वय अं. १९ वर्षे' लिहिलेलं होतं. तो 'अं.' म्हणजे हवालदाराने चेहरा बघून केलेला अंदाज. मुलाची आई शाळा सोडल्याचा दाखला आणि दहावीचं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आली होती. मी तारखा कागदावर मांडल्या, तर घटनेच्या दिवशी मुलगा सतरा वर्षं दहा महिन्यांचा. म्हणजे त्याची केस मोठ्यांच्या कोर्टात चालायलाच नको होती, बाल न्याय मंडळापुढे जायला हवी होती. बालन्याय कायद्याप्रमाणे अल्पवयीन असल्याचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, अगदी केसचा निकाल लागल्यानंतरही उपस्थित करता येतो. वय ठरवताना आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतात. त्या कायद्याखाली हाताळलेल्या मुलाला दोषसिद्धीमुळे कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि मुदत संपल्यावर रेकॉर्ड नष्ट करायचं असतं. अपवाद आहे तो सोळा ते अठरा वयाच्या ज्या मुलांवर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालतो त्यांचा. आपल्या कायद्यात खऱ्या अर्थाने पाटी पुसणारी तरतूद मला तरी ही एकच दिसते.

समजा, तुम्ही तेव्हा अठरा पूर्ण होता. मग प्रश्न उरतो तो सांगण्याचा.

साक्षांकन नमुन्यातला तो रकाना नीट वाचा. त्यात 'शिक्षा झाली आहे काय' एवढंच नसतं. अटक झाली होती का, खटला भरला होता का, दोषी ठरलात का, दंड झाला का, जातमुचलका घेतला का, असं एकेक विचारलेलं असतं. आणि वर ठळक अक्षरांत, माहिती खोटी किंवा दडवलेली आढळली तर अपात्र ठराल, हेही असतं. जे विचारलंय त्याचं उत्तर द्यायचं.

या विषयावरचा मुख्य निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचा, २०१६ चा, अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. तुमच्या वकिलाला हे नाव पाठ असेल. त्याचा गाभा माझ्या शब्दांत सांगते. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. तरुण वयातली घोषणाबाजीसारखी फुटकळ गोष्ट कुणी लिहिली नाही, तर नेमणूक करणारा ती चूक पोटात घालू शकतो. 'शकतो', 'घातलीच पाहिजे' नाही. गुन्हा फुटकळ नसेल तर लपवल्याबद्दल निवड रद्द करता येते. खरं सांगितलं तरी पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार सरकारकडे राहतोच, नेमणूक द्यायची सक्ती नाही. आणि प्रश्नच मोघम असेल, किंवा उमेदवाराला गुन्ह्याची माहितीच नसेल, तर त्याने लपवलं असं म्हणता येत नाही.

म्हणजे खरं सांगितलं की नोकरी नक्की, असं मी म्हणत नाही. माझ्याकडच्या एका मुलीने मारामारीच्या केसमधली निर्दोष मुक्तता स्वतःहून लिहिली होती. तरीही तिला 'अपात्र' असं एका ओळीचं पत्र आलं. आम्ही मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेलो. गुन्ह्याचं स्वरूप, तिचा सहभाग, निकालाची कारणं, यांतलं काहीही न बघता निर्णय घेतला, हा आमचा मुद्दा होता. फेरविचारासाठी प्रकरण परत गेलं आणि चौदा महिन्यांनी ती रुजू झाली. त्या चौदा महिन्यांत तिच्या बॅचची मुलं तिला ज्येष्ठ झाली. दुसऱ्या एकाचं प्रकरण तिच्यापेक्षा किती तरी हलकं होतं, पण त्याने 'नाही' लिहिलं होतं. तो दीड वर्ष नोकरी करून बाहेर पडला. त्याच्यासाठी मला काय युक्तिवाद करावा, हेच सुचत नव्हतं. जी चूक माफ होण्यासारखी होती, तिच्याबद्दल कुणी विचारतच नव्हतं.

पद कोणतं, हेही बघावं लागतं. पोलीस भरतीत न्यायालयं जास्त कडक भूमिका घेतात. शिस्तीचं दल आहे, तिथे संशयाचा फायदा मिळून सुटलेल्यालाही नाकारलेलं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे. तलाठी पद महसुलाचं. तिथे तीनशे रुपयांचा जुगार, पहिलाच गुन्हा, त्यानंतर इतकी वर्षं काही नाही, हे चित्र माझ्या मते सांभाळता येण्यासारखं आहे. पैशांच्या अपहाराची किंवा बनावट दस्तऐवजाची दोषसिद्धी असती, तर सातबारा ज्याच्या हातात द्यायचा त्या पदासाठी मी एवढ्या विश्वासाने बोलले नसते.

रकान्यात लिहायचं कसं? मी मुलांना असा मजकूर देते (गु.र.नं. म्हणजे पोलीस ठाण्यातला गुन्हा नंबर, एस.सी.सी. नं. म्हणजे कोर्टातला केस नंबर):

"होय. गु.र.नं. __/२०१७, __ पोलीस ठाणे, महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा, कलम १२(अ). एस.सी.सी. नं. __, मा. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, __. निकाल दि. __. गुन्हा कबूल केल्याने रु. ३००/- दंड, तो त्याच दिवशी भरला. निकालाची नक्कल व दंडाची पावती सोबत जोडली आहे. याव्यतिरिक्त माझ्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद अथवा प्रलंबित नाही."

शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहा. आणि "पोलिसांनी विनाकारण अडकवलं", "मी फक्त बघत उभा होतो" असलं काही जोडू नका. कोर्टात कबूल म्हणालात, आता नाकारलंत तर दोन्हीकडून खोटे ठरता. मुलांना हे पटत नाही, कारण बऱ्याचदा ती खरंच बघत उभी असतात.

नक्कल आली की तिच्यातली एक गोष्ट आधी बघा. काही वेळा आदेशात दंडाबरोबर 'न्यायालय उठेपर्यंत साधी कैद' असं लिहिलेलं असतं. मुलाला वाटतं, संध्याकाळपर्यंत बाकड्यावर बसवलं होतं. ती कैदेची शिक्षा असते. तुमच्या आदेशात ते असेल, तर तेही लिहावं लागेल.

नोकरीपलीकडे या दोषसिद्धीने तुमचं काय अडतं? भीती वाटते त्यापेक्षा पुष्कळ कमी. पासपोर्ट अडत नाही. तिथे अडचण येते ती मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली असेल तर, नाहीतर खटला प्रलंबित असेल तर. प्रलंबित असेल तर त्या कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळतो, १९९३ ची अधिसूचना आहे. आमदारकी-खासदारकीसाठी साधारण दोन वर्षांच्या शिक्षेची रेषा आहे, काही ठरावीक गुन्ह्यांत नुसता दंडही पुरतो. शिक्षा भोगून सुटल्यावरही पुढे सहा वर्षं अपात्रता राहते. इथे शिक्षेला स्थगिती मिळून भागत नाही, दोषसिद्धीलाच स्थगिती लागते. २०२३ मध्ये राहुल गांधींची खासदारकी मार्चमध्ये गेली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिल्यावर परत आली, त्यातला फरक हाच. खासगी कंपन्या फॉर्ममध्ये काय विचारतात त्यावर अवलंबून. परदेशी व्हिसाचे अर्ज मात्र बारकाईने वाचा. अमेरिकेच्या अर्जात अटक झाली होती का हेही विचारतात, आणि तिथे 'आमच्याकडे हे किरकोळ समजतात' हे उत्तर चालत नाही.

आता या आठवड्यात करायचं ते. ज्या कोर्टात दंड भरला तिथल्या नक्कल विभागात अर्ज द्या. एस.सी.सी. नंबर माहीत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नाव आणि वर्ष टाकून शोधा. नाही सापडला, तर पोलीस ठाण्यातून गुन्हा नंबर घ्या आणि त्यावरून कोर्टाची नोंदवही बघायला सांगा. निकाल, रोजनामा, कबुलीचा कागद आणि पंचनामा, चारही मागा. पंचनाम्यात तुमच्याजवळ किती रुपये सापडले ते असतं, आणि माझ्या अनुभवात ते शंभर-दीडशेच्या वर क्वचितच जातं. तो आकडा कुठल्याही युक्तिवादापेक्षा जास्त बोलतो. फाइल नष्ट झाली असेल तर तसा लेखी शेरा घ्या. नमुना देण्याच्या तारखेआधी नक्कल हाती आली नाही, तर नक्कल अर्जाची पोच जोडा आणि मजकुरात 'नक्कल प्राप्त होताच सादर करतो' असं लिहा. नमुना देताना पूर्ण झेरॉक्सवर आवक शिक्का घ्यायला विसरू नका. पुढे कुणी 'लपवलं' म्हणालं, तर तो शिक्का लागेल.

आणि हे सगळं करायच्या आधी दहावीचं प्रमाणपत्र काढून जन्मतारीख बघा. २०१७ चे गणपती २५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर होते. धाड पडली त्या रात्री तुम्हाला अठरा पूर्ण झाली नसतील, अगदी एका दिवसाने जरी कमी भरली असतील, तर रकान्यात काहीही लिहू नका, आधी मला तारीख कळवा. मग वरचं अर्धं उत्तर मला बदलावं लागेल.